आमचूर काळा का पडतो?
संशोधन निधीच्या दाराशी जाण्यापूर्वीची तयारी



दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर अक्कलकुव्याच्या एका सायबर कॅफेत बसून मी आमच्या आमचूर करणाऱ्या महिला गटाचा अर्ज भरत होते. लहान उद्योगांना काही नवे करून पाहण्यासाठी मदत देणारी ती एक सरकारी योजना होती. एका चौकटीत विचारले होते, "तुमच्या प्रस्तावात नवे काय आहे?" मी लिहिले की या भगिनी डोंगरातल्या पाड्यांवर राहतात, दिवाळीनंतर घरे बंद करून ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांची शाळा बुडते आणि आमचुराला बरा भाव मिळाला तर काही घरे तरी गावात राहतील. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. देणगीदारांना पत्रे लिहिताना मी वर्षानुवर्षे हेच लिहीत आले आहे, आणि ते वाचून आपण मदत पाठवत आला आहात.

अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा होता : गरज लक्षात आली, संशोधनाचा प्रश्न दिसत नाही.

चार दिवस मी रागात होते. शहरात बसून शेरे मारणाऱ्यांना सातपुड्याचे ऊन काय कळणार, असे बरेच काही बोलून झाले. मग रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना मी तो अर्ज दाखवला. माझी बाजू घ्यावी म्हणूनच दाखवला होता. त्यांनी चष्मा काढून तो वाचला आणि म्हणाले, "शेरा बरोबर आहे, ताई. भाव कमी मिळाल्याने काय होतं ते तुम्ही सगळं सांगितलंय. भाव कमी का मिळतो, ते कुठं सांगितलंय?"

त्याचे उत्तर मला माहीत नव्हते. गटातल्या बायकांना मात्र माहीत होते, आणि मी त्यांना कधी विचारले नव्हते.

धडगाव-मोलगीकडचा आमचूर पुष्कळांनी खाल्ला असेल, पण तो होताना थोड्यांनीच पाहिला असेल. गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकावर, अंगणात नाहीतर छपरावर उन्हात वाळत घालायच्या. एवढेच. पण बाजारात व्यापारी पोते उघडतो आणि मुठीत फोडी घेऊन पाहतो ती रंगाकडे. पांढऱ्या फोडींचा भाव वेगळा आणि काळपट पडलेल्यांचा वेगळा. वळवाचा एक पाऊस आला की अख्खे वाळवण काळे पडते, त्याला बुरशी धरते, आणि वर्षभराच्या मिठामिरचीचा पैसा गेला.

"काळा का पडतो?" मी गटाच्या अध्यक्षबाईंना विचारले. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले. झेल्याने उतरवलेली कैरी पांढरी राहते, पडलेली काळी होते, त्या म्हणाल्या. लोखंडी विळ्याने कापली तर कापतानाच काळी पडायला लागते. दाट पसरली तर खालून काळी पडते. एका म्हातारीने सांगितले की तिच्या माहेरी कैरी कापून आधी पाण्यात टाकत. दुसरी म्हणाली, मिठाच्या पाण्यात. त्यावरून दोघींची जुंपली.

प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. कापलेल्या फळाला हवा लागली की त्यातल्या एका विकराच्या क्रियेने रंग तपकिरी होतो, हे पुस्तकात आहे. कैरीतल्या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन काळा रंग येतो, हेही पुस्तकात आहे. पण गावठी कैरीच्या फोडी आमच्या डोंगरातल्या उन्हात, विजेशिवाय, बायकांना परवडेल अशा कोणत्या रीतीने वाळवल्या तर पांढऱ्या राहतील आणि पावसाळाभर टिकतील, याचे उत्तर त्यांना कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते म्हणाले, "हा संशोधनाचा प्रश्न. अर्जाच्या त्या चौकटीत हा लिहायचा."

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की इतर संस्थांचे कार्यकर्ते अलीकडे मला विचारतात, "सरकारचा संशोधनाचा पैसा आता एकाच ठिकाणी अर्ज करून मिळणार म्हणे. आमच्या मधाच्या, मोहाच्या, नाचणीच्या गटांनी काय करायचे?" म्हणून जे समजले आहे ते लिहिते.

२०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो अमलात आला. आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यातला मोठा हिस्सा उद्योग, देणग्या अशा सरकारबाहेरच्या मार्गांनी यायचा आहे. आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. हा पैसा मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधन संस्थांकडे जातो. आमच्यासारख्यांचा त्यात शिरकाव व्हायचा तर तो एखाद्या महाविद्यालयाचे भागीदार म्हणून.

लहान उद्योगांना जवळची वाट सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची आहे. तिथे मार्च २०२२ मध्ये 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' नावाने तीन गोष्टी एकत्र आणल्या : नवी कल्पना करून पाहणे, वस्तूची रचना सुधारणे आणि पेटंटसारखे हक्क मिळवणे. एका कल्पनेला १५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण कल्पना पुढे जाते ती मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत, म्हणजे बहुधा एखाद्या महाविद्यालयामार्फत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा 'सीड' हा विभाग आदिवासी समाजासाठी विज्ञान केंद्रे उभारायला मदत करतो. शिवाय गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने काही नवे शोधले असेल, तर ते त्याची दखल घेते आणि पेटंटसाठीही मदत करते. नंदुरबारकरांना गांधीनगर मुंबईपेक्षा परके नाही.

या सगळ्याचा कल एका दिशेने आहे. १ जुलै २०२० पासून उद्योगाला 'उद्यम' हा एकच नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणी फुकट आहे. त्यासाठी दोन-दोन हजार मागणारे दलाल तालुक्याला बसलेले आहेत, त्यांना दारात उभे करू नका. कर्जाच्या सरकारी योजना २०२२ पासून 'जनसमर्थ' या एकाच ठिकाणी आणायला सुरुवात झाली. संशोधनाच्या मदतीचे अर्जही कागदावरून ऑनलाइन गेले आहेत, आणि आज ना उद्या एका लॉगिनमागे एकत्र येतील असे धरून तयारी करणे शहाणपणाचे. पाड्यावरून मुंबईच्या खेपा वाचतील, ही त्यातली चांगली बाजू. पण पूर्वी चार खात्यांत चार कागद चार जण पाहत. आता संगणक ते कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहतो, आणि एका ठिकाणची चूक सगळीकडे आडवी येते.

आमचा पहिला अर्ज खरे तर शेऱ्यापर्यंत पोहोचायच्याही आधी दोनदा अडकला होता, तो नावावरून. अध्यक्षबाईंचे आडनाव वळवी. आधारवर ते इंग्रजी व्ही अक्षराने लिहिलेले, बँकेत डब्ल्यूने. पॅनवर नवऱ्याचे नाव नाही, रेशनकार्डावर वडिलांचे आहे. आधारवर नावाला 'बाई' जोडलेले, पॅनवर नाही. जन्मतारीख एका कागदावर १ जून, दुसऱ्यावर १ जानेवारी. दोन्ही अर्थातच कुणीतरी अंदाजाने घातलेल्या. गटाचे नाव पासबुकात एक आणि शिक्क्यावर दुसरे. धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना आम्हाला जुन्या हस्तलिखितांतले पाठभेद तपासायला शिकवले होते. ती विद्या आयुष्यात कुठे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते, ती इथे पडली. एका वहीत मी प्रत्येकीच्या नावापुढे पाच रकाने आखले : आधार, पॅन, बँक, जातीचा दाखला, मोबाइल. जिथे अक्षर वेगळे तिथे लाल खूण. अकरा जणींपैकी आठ जणींच्या ओळी लाल निघाल्या.

हे दुरुस्त व्हायला आम्हाला सात महिने लागले. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की योजना जाहीर व्हायची वाट पाहू नका. अर्जाची मुदत थोड्या आठवड्यांची असते आणि आधारवरची जन्मतारीख तेवढ्यात बदलून येत नाही. मोबाइल क्रमांकाचेही पाहा. आमच्या तिघींच्या आधारला जोडलेला क्रमांक पुण्यात कामाला गेलेल्या मुलांच्या खिशात होता. ओटीपी पुण्यात वाजायचा आणि आम्ही इथे पडद्याकडे पाहत बसायचो.

दुसरा प्रश्न : अर्ज करणारे कोण? बचत गट म्हणून बँकेत खाते चालते, पण संशोधनाचा निधी देणाऱ्याला बहुतेक वेळा कायद्याने नोंदलेली संस्था हवी असते. मग कुणीतरी सांगतो, कंपनी काढा. दहा उत्पादक एकत्र आले की उत्पादक कंपनी निघते, हे खरे. ती निघाल्यानंतरचे कुणी सांगत नाही. दरवर्षी लेखापरीक्षण, दरवर्षी विवरणपत्रे, आणि विवरणपत्राला उशीर झाला तर दर दिवसाला, दर फॉर्ममागे १०० रुपये जादा शुल्क. बंद पडलेल्या उत्पादक कंपन्यांच्या संचालक झालेल्या आणि त्याची कल्पनाही नसलेल्या बायका मला माहीत आहेत. एका पोर्टलच्या चौकटीसाठी कंपनी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्री वाढून कंपनीची गरज खरोखर पडेल तेव्हा काढावी. तोवर महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र पुढे आणि गट भागीदार, ही रीत बरी. मात्र भागीदारी कागदावर लिहिलेली हवी : प्रयोग कोण करणार, यंत्र शेवटी कुणाकडे राहणार, निष्कर्षांवर नाव कुणाचे. तोंडी भागीदारीत यंत्र शहरातच राहते.

तिसरी गोष्ट तयारीच्या पायरीची. संशोधनाच्या अर्जात 'टीआरएल' असा शब्द येतो. त्या नऊ पायऱ्या आहेत. पहिलीवर नुसती मूळ कल्पना, नववीवर प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली वस्तू. मोठे शब्द बाजूला ठेवून आमचुराच्या भाषेत सांगते. "जाळीखाली वाळवले तर बरे होईल" असे वाटणे ही खालची पायरी. चार ताटांत करून, मोजून पाहिले की तिसरी-चौथी. पाड्यावरच्या खऱ्या उन्हावाऱ्यात, पूर्ण हंगामभर, बायकांनीच चालवून पाहिले की सहावी-सातवी. प्रत्येक योजना ठरावीक पायऱ्यांसाठीच पैसे देते. आपण तिसरीवर असताना सातवीचा अर्ज केला, तर तो चांगला असूनही बाद होतो. खोटे सांगून वरची पायरी लिहिली, तर भेटीला आलेला माणूस ताटे पाहूनच ओळखतो.

चार ताटे आम्ही गेल्या मे महिन्यात केली. खर्च म्हणजे एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, स्टीलच्या सुऱ्या आणि मच्छरदाणीचे कापड. पहिल्या ताटात जुनीच रीत : लोखंडी विळा, उघडे ऊन. दुसऱ्यात स्टीलची सुरी, बाकी तसेच. तिसऱ्यात स्टीलची सुरी आणि मिठाचे पाणी. चौथ्यात स्टीलची सुरी आणि जाळीखालचे विरळ वाळवण. जुन्या रीतीचे ताट ठेवायला बायका तयार नव्हत्या. "ते काळंच पडणार, माहीत आहे की," त्या म्हणत. तुलनेला ते लागते, हे पटवायला एक संध्याकाळ गेली. बारावी झालेल्या एका मुलीने दर दोन तासांनी प्रत्येक ताटाचे वजन वहीत लिहिले. ढग आला तर ढग लिहिला, शेळी शिरली तर शेळी लिहिली.

मिठाच्या पाण्यातले ताट सगळ्यांत पांढरे निघाले. मिठाची बाजू घेणारी बाई दोन दिवस ताठ मानेने वावरत होती. पण जुलैत डबे उघडले तेव्हा त्याच फोडी ओलसर आणि चिकट झाल्या होत्या. मीठ हवेतला ओलावा ओढते. वर चव खारट, त्यामुळे व्यापाऱ्याने त्या बाजूला सारल्या. साध्या पाण्याची बाजू घेणारी म्हातारी काही बोलली नाही, नुसती हसली. हे अपयश आम्ही वहीत जसेच्या तसे लिहिले, आणि नव्या अर्जाच्या त्या चौकटीत मी तेच घातले : काय करून पाहिले, काय फसले, आता काय तपासायचे आहे. ऊसतोडीचा उल्लेख अजूनही आहे, पण शेवटी, परिणामांच्या चौकटीत. दोन ओळी.

वहीबद्दल आणखी थोडे. १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले, हे अनेकांना आठवत असेल. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी आजीला हे माहीत आहे, एवढे म्हणून ते रद्द झाले नाही. जुने लेखी पुरावे शोधून मांडावे लागले. आमच्या बायकांचे ज्ञान कुठेच लिहिलेले नाही. तारखेसह वही, पान क्रमांक, लिहिणारीची सही, हा आमच्याकडचा पहिला लेखी पुरावा.

मात्र लिहिणे वेगळे आणि जाहीर करणे वेगळे. आपल्या कायद्यात पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, त्यामुळे कैरी वाळवण्याची रीत कुणी हिरावून नेईल अशी भीती नको. पण एखादे नवे ताट, नवा वाळवणी पेटारा कुणी घडवला, तर त्यावर मिळू शकते. तो आधीच प्रदर्शनात मांडला, व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर पाठवला किंवा अशा त्रैमासिकात छापला, तर त्याचे नवेपण कायद्याच्या नजरेत संपण्याचा धोका असतो. म्हणून आधी तात्पुरता पेटंट अर्ज करावा. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे आणि सविस्तर अर्जाला पुढे १२ महिने मिळतात. आमच्या चौथ्या ताटाची रचना पुढे थोडी बदलली आहे. ती मी इथे लिहिलेली नाही, याचा उलगडा आता आपल्याला झाला असेल.

पैशाच्या हिशेबाविषयी थोडक्यात. सरकारी अनुदान ज्या कामासाठी आले त्याच कामाला लागले, याचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. खात्यात पडून असताना त्यावर आलेले व्याजही सरकारला परत करायचे असते. कित्येक चांगल्या संस्था इथे अडकतात, चोरीने नव्हे तर अज्ञानाने. 'व्याज आलं ते मुलांच्या खाऊला वापरलं,' हे आपल्याकडे पुण्याचे वाटते, लेखापरीक्षकाला वाटत नाही. स्वतंत्र खाते, प्रत्येक बिलावर प्रकल्पाचे नाव, आणि परदेशी देणगीच्या खात्यात यातला एक रुपयाही नको.

आपल्यापैकी अनेक जण विचारतात की पैशाशिवाय काय देता येईल. या कामात खरोखर लागतात ती माणसे. लेखापाल म्हणून निवृत्त झालेले कुणी महिन्यातून एक शनिवार मोलगीला आले, तर दोन गटांचे हिशेब मार्गी लागतील. विज्ञान शिकवणारे कुणी सुटीत आठ दिवस पाड्यावर राहिले, तर मधाच्या गटाला त्यांचा प्रश्न सापडेल. त्यांना तो अजून सापडलेला नाही. ते अजून "आम्हाला बाटल्या द्या" एवढेच म्हणतात, आणि तीही खरीच गरज आहे. तरुण संघातल्या मुलामुलींनी एका गटाची पाच रकान्यांची वही भरून दिली तरी पुष्कळ. इंग्रजी अक्षरे नीट वाचता येणे एवढीच त्याची पात्रता.

आमचा दुसरा अर्ज एका महाविद्यालयामार्फत गेला आहे. निकाल यायचा आहे. तो काहीही आला तरी यंदा आठ ताटे करायची, असे गटाच्या बैठकीत ठरले. चार झेले बांबूचे घरीच होतील. दुसरा काटा हवा आहे, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, आणि तो कैऱ्या उतरवायच्या आधी, मार्चअखेर पाड्यावर पोहोचायला हवा.